जागा सांगा, वय सांगू नका

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, कामाबद्दल लिहा, पण दगडांचं नको, माणसांचं लिहा." मी म्हटलं, अहो, मी जन्मभर मान खाली घालून दगड बघत हिंडलेली बाई. माणसं मला भेटली ती एप्रिल-मे महिन्यात, घामाघूम आणि चिडलेली. तहान लागल्यावर विहीर खणणं ही आमच्याकडे नुसती म्हण नाही, ते वेळापत्रक आहे. बाकी वर्षभर पाणी आहे की नाही याची कुणाला पर्वा नसते.

मी भूशास्त्र शिकले आणि रत्नागिरीत विहिरीच्या, बोअरच्या जागा दाखवून पोट भरलं. लोक मला 'दगडवाल्या मॅडम' म्हणत. काम काय, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या पायाखाली वर असतो जांभा. तांबडा, भोकाभोकांचा, घरांचे चिरे ज्याचे निघतात तो दगड. पावसाचं पाणी त्यातून चहाच्या गाळणीसारखं खाली जातं. खाली चिकणमातीचा थर लागला की ते अडतं आणि तिथे झरे फुटतात. मातीच्याही खाली काळा कातळ. पाणी कुठे अडलंय आणि कुठे वाहून समुद्राला गेलंय, हे जमिनीचा उतार बघून, आसपासच्या विहिरी बघून ओळखायचं. यात जादू काही नाही. चूकही होते. माझ्या चुकांची भोकं या तालुक्यात अजून आहेत आणि त्यांचे मालक मला बाजारात ओळख देत नाहीत.

पण लोकांना जादू हवी असते. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले एक साहेब होते, मोठ्या हुद्द्यावरचे. मी दोन तास फिरून जागा दाखवली. ते म्हणाले, "छान. आता आमचे पानाडी बघतील." पानाडी आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून चालला, आणि नारळ उभा राहिला तो नेमका माझ्याच खुणेवर. त्याने माझी खूण आधीच बघून ठेवली होती, हे मला दिसत होतं. साहेब मात्र भारावून म्हणाले, "बघा मॅडम, तुमचंही बरोबर निघालं!" कप्पाळ माझं!

तरी मी कधी वाद घातला नाही. विहिरीला कुदळ मारण्याआधी गाऱ्हाणं घातलं जातं, ग्रामदेवतेला हाक मारली जाते, तेव्हा मीही हात जोडून उभी राहायची. आम्ही कोकणातली माणसं लहानपणापासून ऐकत आलेली की परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे सरला आणि आपली भूमी वर आली. मी स्वतः शाळेत तसं लिहून मार्क मिळवलेत. पुढे कॉलेजात लाव्हा, थर, कोटी वर्षं हे सगळं शिकले, तेव्हा तो बाण एका कप्प्यात ठेवला आणि लाव्हा दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही कप्पे कधी एकदम उघडायची वेळ आली नाही. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. एका माणसाचं तसं नव्हतं. त्याचंच मला इथे सांगायचं आहे.

त्यांचं नाव आमोस साळवी. ख्रिस्ती घरातले, म्हणून सगळे त्यांना ब्रदर म्हणत. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षक होते, निवृत्तीनंतर आरे-वारेच्या रस्त्याला वरच्या सड्यावर त्यांनी मुलींचं एक लहान वसतिगृह सुरू केलं होतं. देवरुखच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांतल्या मुली, ज्यांच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नाही, त्या तिथे राहून शिकायच्या. सगळ्या हिंदू घरांतल्या. ब्रदर त्यांना बाटवतील अशी कुजबुज सुरुवातीला झाली, पण त्यांनी कुणाला काही बाटवलं नाही. पहाटे उठवून गणितं मात्र करून घेतली. त्यांच्या पत्नी मार्थाबाई स्वयंपाक बघायच्या. सडा म्हणजे उघडा बोडका कातळ, पाण्याचा पत्ता नाही. टँकर यायचा, नाही यायचा. आदल्या वर्षी तर एप्रिल लागताच मुलींना परीक्षेआधीच घरी पाठवावं लागलं होतं आणि त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. घरी गेलेली मुलगी म्हणजे एकतर मुंबईला कुणाच्या घरी भांड्याला, नाहीतर लग्न.

मी गेले, दिवसभर हिंडले, उताराच्या कडेला एक जागा काढली. ब्रदरनी विचारलं, "इथेच का?" मी माझं नेहमीचं सुरू केलं, "हे बघा, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्हा..."

त्यांनी हात वर केला. उंच, सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, खिशाला मोजायची स्टीलची पट्टी अडकवलेली.

"मॅडम, तुम्ही जागा सांगा. वय सांगू नका."

"म्हणजे?"

"जग देवाने सहा दिवसांत केलं. त्याला सहा हजार वर्षं झाली. पवित्र शास्त्रात पिढ्या दिल्यात, मी स्वतः बेरीज केली आहे. तुमचा मान ठेवून सांगतो, या आवारात दुसरा आकडा नको."

मी म्हटलं, ठीक आहे बाबा. पाण्याला वय विचारून कोण पितं? असा आमचा करार झाला.

खणायला मुकादम होते मिरकरवाडा बंदराच्या बाजूचे हसनभाई. त्यांच्या घराण्यात बाकी सगळे समुद्रावर, हे एकटे जमिनीत. त्यांचे गडी संगमेश्वराकडचे. पहिल्याच दिवशी नाट लागला. गडी म्हणाले, "नारळ दिल्याबिगर आमी खाली उतरत नाय." ब्रदर म्हणाले, माझ्या आवारात नारळ फुटणार नाही. हसनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. शेवटी गड्यांनी फाटकाच्या बाहेर रस्त्यावर नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं, ब्रदरनी आत जागेवर गुडघे टेकून प्रार्थना केली, हसनभाईंनी मधे उभं राहून बिस्मिल्ला म्हटलं आणि कुदळ पडली. प्रसादाचं खोबरं मार्थाबाईंनी गुपचूप पदराआड घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गड्यांनाच आमटीतून वाढलं.

जांभा संपला. खाली पांढरट चिकणमाती लागली, लोण्यासारखी मऊ. जांभ्याच्या बुडातून झरे सुटले, गोड. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, अजून थोडं खाली जा, साठवणीला जागा करा, आणि मी दुसऱ्या कामाला निघून गेले. चार-पाच दिवसांनी हसनभाईंचा फोन. "मॅडम, लवकर या. खाली झाड लागलंय."

रत्नागिरीच्या आसपास हे होतं. जांभ्याच्या पोटाखाली कुठे कुठे एक पुरलेलं जंगल आहे. काळीभोर खोडं, धड लाकूड नाही, धड कोळसा नाही. वर्षांची वलयं दिसतात, साल दिसते. सोबत पिवळे चकाकणारे खडे. एका गड्याने ते सोनं समजून कमरेला बांधले होते. बिचाऱ्याला मी सांगितलं की ते लोखंड आणि गंधक आहे, तर तो मला म्हणाला, "बाय, तुमी सगल्याला इस्कटून टाकतासा."

मी पोचले तेव्हा विहिरीच्या काठावर सगळे गोळा झाले होते. खाली तळाशी एक आख्खं खोड आडवं पडलेलं, ओलं, चकाकतं. गडी म्हणत होते, परशुरामाने समुद्र हटवला तेव्हाचं हे बुडालेलं रान. हसनभाई टोपी सारखी करून म्हणाले, "हजरत नूहच्या तुफानातलं असणार." ब्रदर काठावर गुडघे टेकून बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. एवढा ताठ माणूस.

"मॅडम," ते म्हणाले, "जलप्रलय. नोहाच्या काळी सगळी पृथ्वी बुडाली तेव्हाचं झाड. माझ्या दारात."

आणि मी, मेली, गप्प बसावं ना! करार केला होता. पण मला खोटं ऐकून घेता येत नाही, अंगाची आग होते. मी म्हटलं, "ब्रदर, हे झाड एका पुराने बुडालेलं नाही. त्याच्यावर मातीचे थर बघा किती आहेत, एकावर एक, शांतपणे साचलेले. प्रत्येक थरात पानं आहेत. मग त्याच्यावर जांभा झालाय. याला..."

"वय सांगू नका."

"एक कोटीहून..."

"मॅडम!"

आवाज असा लागला की खालचे गडी वर बघायला लागले. मी माझी पिशवी उचलली आणि गाडीत बसले. निघताना एवढंच सांगून आले, की तळ बुजवा. या लाकडाबरोबर ते पिवळे खडे आहेत, त्यांना हवा-पाणी लागलं की पाणी आंबतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. लाकडावर चिकणमाती दाबा, वर काँक्रीट घाला आणि जांभ्यातल्या झऱ्यांवर विहीर ठेवा. पाणी थोडं कमी मिळेल पण गोड मिळेल.

त्यांनी बुजवलं नाही. बाकीच्या विहिरीला चिऱ्यांचं बांधकाम झालं, तळ उघडा राहिला. त्या मे महिन्यात प्रार्थनेचे गट गाड्या करून ते लाकूड बघायला आले. फोडलेले तुकडे ब्रदरनी काचेच्या कपाटात मांडले. मला हे हसनभाईंकडून कळायचं. "तुमी काय बी म्हना मॅडम," ते म्हणायचे, "मानूस खूष आहे. इतका खूष मी त्याला कंदी बघितला नाय."

पावसाळ्यात विहीर भरली. गणपतीनंतर पाणी खाली जायला लागलं आणि दिवाळीच्या आत मार्थाबाईंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या. "मॅडम, चहा काळा पडतो. भाताला लाली येते. पोरींचे युनिफॉर्म पिवळे झाले. चार जणींची पोटं बिघडलीत. दोघींचे आईबाप आज येऊन घेऊन गेले. एकीचं तर म्हणे ठरवलंय. नववीतली आहे हो ती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील असं नाही, पण तुमच्याशी भांडतील तरी. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत."

मी गेले. बादली वर काढली, वास नाकात गेला. पंपाची जाळी गंजून तिची चाळण झाली होती. आणि ब्रदरनी काय केलं होतं माहीत आहे? कपाटातले लाकडाचे सगळे तुकडे प्रार्थना करून विहिरीत टाकले होते.

"अहो, का?" मी ओरडलेच.

ते शांतपणे म्हणाले, "इस्राएल लोक रानात तहानेने कासावीस झाले होते तेव्हा त्यांना कडू पाणी लागलं. मोशेने देवाच्या सांगण्यावरून एक लाकूड त्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. लिहिलेलं आहे."

"आणि इथे?"

"इथे अजून झालं नाही."

मी तुम्हाला सांगते, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ब्रदर, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्या लाकडातच विष आहे आणि तुम्ही त्याचाच काढा करून पोरींना पाजताय! तुमच्या पुराव्यासाठी कुणाच्या पोरीने शाळा सोडायची? नववीतल्या पोरीने लग्न करायचं? कसला हा हट्ट! सहा हजार असोत नाहीतर सहा कोटी, काय फरक पडतो तुम्हाला?"

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं नाही. बोलले ते बरंच झालं. कारण तेव्हा त्यांनी मला आत नेलं, प्रार्थनेच्या खोलीत, आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. पंचविशीतला मुलगा, त्यांच्यासारखाच उंच, हातात पाना.

"हा योएल. माझा एकुलता एक. इंजिनचं काम मीच शिकवलं त्याला. मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर होता. वादळात बोट परत आली, हा आला नाही. शोध घेतला, किनाऱ्या-किनाऱ्याने हिंडलो. काही सापडलं नाही, चप्पलसुद्धा नाही."

मार्थाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दफनभूमीत याच्या नावाचा एक दगड लावू या, एवढंच मी मागते मॅडम. कुठेतरी जाऊन फूल ठेवता येईल. हे लावू देत नाहीत."

"दगड कशाला?" ब्रदर म्हणाले. "पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पानांत लिहिलंय, समुद्र आपल्यातले मेलेले परत देईल. समुद्राचं नाव घेऊन लिहिलंय. जमिनीतल्यांचं सगळेच सांगतात, पण समुद्रातल्यांसाठी वेगळं वचन आहे. तुम्ही विचारता काय फरक पडतो. मॅडम, पहिलं पान खोटं ठरलं तर शेवटचं पान मी कोणत्या तोंडाने खरं म्हणू? आणि माझा मुलगा शेवटच्या पानावर आहे."

बाहेर मुली ओळीने बसून जेवत होत्या, ताटांचा आवाज येत होता. हा माणूस अडाणी नाही, हट्टीही नाही, हे मला इतक्या उशिरा कळलं. त्याने आपला पोरगा एका दोरीला बांधून ठेवला होता आणि मी त्या दोरीचं दुसरं टोक कापायला निघाले होते. पण म्हणून मी काय करू? मुलींची पोटं काय खोटं बोलत होती?

शेवटी मी वेगळंच काढलं. म्हटलं, "ब्रदर, तुम्ही फिटर. तुम्ही पोरांना काय शिकवलंत, डोळ्याने बघून सांगायचं की मोजून सांगायचं?"

"मोजून."

"मग दोन बरण्या घ्या. दोन्हीत जांभ्याच्या झऱ्याचं पाणी, तळात पडायच्या आधी धरलेलं. एकीत विहिरीतून काढलेला लाकडाचा तुकडा टाका, दुसरीत नको. दोन्हीत एक एक नवा खिळा. आणि झाकण न लावता ठेवा तुमच्याच खोलीत. मी हात लावणार नाही."

ते म्हणाले, "देवाची परीक्षा बघू नये."

"देवाची कोण बघतंय? लाकडाची बघायची आहे."

त्यांनी खिशाची पट्टी काढली, पुन्हा अडकवली. मग म्हणाले, "प्रार्थना मात्र दोन्हींवर करीन. नाहीतर तुम्ही म्हणाल, एकीवर कमी पडली."

या माणसाचा मला राग येणं तिथेच संपलं. प्रयोगात दोन्ही बाजू सारख्या ठेवायला मोठमोठे शिकलेले विसरतात. हा विसरला नाही, आणि तेसुद्धा हरायची भीती असताना.

तोवर मुलींसाठी मी बाहेरून पाण्याचे कॅन मागवायला लावले. नाताळ झाला. जानेवारी संपता संपता ब्रदरचा फोन आला. नमस्कार नाही, सलाम नाही. "मॅडम, लाकडाच्या बरणीतला खिळा अर्धा खाल्ला गेलाय. पाणी आंबट आहे. मी चाखलं. दुसरी बरणी ठीक आहे. तळ बुजवायचा आहे. या."

होळीच्या आधी पंप लावून पाणी उपसलं. हसनभाई तेच, गडीही तेच. विहिरीतून काढलेली पांढरी चिकणमाती आवाराच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवलेली होती, तीच परत घालायची होती. तळ उघडा पडला. खोड होतं तसंच, काळं, चकाकतं. वास मारत होता. घमेली भरून तयार होती. हसनभाई म्हणाले, "ब्रदर, घालू?"

ब्रदर म्हणाले, "थांबा." आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, आता वय सांगा."

"कशाला, ब्रदर?"

"झाकायचंय ते काय आहे, हे मला माहीत पाहिजे."

खोटं बोलायची एवढी ओढ मला आयुष्यात कधी झाली नाही. नोहाचंच असेल हो, कुणी सांगावं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्या माणसाने दोन्ही बरण्यांवर सारखी प्रार्थना केली होती. त्याला खोटं सांगायला माझी जीभ उचलेना.

"एक कोटी वर्षांच्या पलीकडचं आहे," मी म्हटलं. "नोहाच्या वेळचं नाही. कुठल्याच माणसाच्या वेळचं नाही. तेव्हा माणूसच नव्हता."

ते खाली बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, एखादा विद्यार्थी विचारतो तसं, "मग माझा योएल?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, ब्रदर. मला जमिनीखालचं थोडंफार कळतं. समुद्राचं मला काही कळत नाही. पहिल्या पानाबद्दल मी बोलले, कारण त्याचा दगड माझ्या हातात आहे. शेवटच्या पानाबद्दल बोलायला माझ्या हातात काही नाही. होयही नाही आणि नाहीही नाही."

त्यांनी मान हलवली. ती पटल्यासारखी नव्हती आणि न पटल्यासारखीही नव्हती. मग ते खाली वाकले आणि ढिगातून मूठभर माती घेतली. मला वाटलं, माती कशी आहे ते बघताहेत. पण त्यांनी मूठ विहिरीवर धरली, डोळे मिटले, ओठ हलले आणि मूठ उघडली. माती खाली खोडावर पडल्याचा आवाज आला.

मार्थाबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. ज्या मुलाला माती देता आली नाही, त्याला त्याचा बाप माती देत होता. त्या पुढे आल्या, दोन्ही हातांनी माती उचलली आणि इतक्या वर्षांचं रडणं एकदम बाहेर पडलं. "माझ्या बाळा," एवढंच म्हणत होत्या. ब्रदरनी त्यांचा खांदा धरला होता. हसनभाईंनी टोपी नीट केली आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे तीन मुठी माती घातली. गड्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. ज्याने सोन्याचे खडे कमरेला बांधले होते, त्यानेही एक मूठ घातली आणि हात जोडले.

मी उभीच होते. गाऱ्हाणं असो, प्रार्थना असो, मी आपली घड्याळ बघणारी बाई. पण पाय आपोआप पुढे गेले. मी ढेकूळ उचललं, ते हातात फुटलं आणि आत एका पानाचा ठसा निघाला. शीर न् शीर दिसत होती, अगदी देठासकट. असा नमुना मला जन्मात मिळाला नव्हता. माझ्या घरी काचेचं कपाट आहे, ब्रदरच्या कपाटापेक्षा मोठं. क्षणभर मूठ आवळली, हे कबूल करते. मग मी ते पान त्या झाडावर टाकलं.

त्यावर घमेली पडत राहिली. माती दाबली, काँक्रीट घातलं. पुढच्या आठवड्यात जांभ्याच्या झऱ्यांनी विहीर पुन्हा धरली. ब्रदर आणि मार्थाबाई स्वतः देवरुखच्या वरच्या वाडीपर्यंत चढून गेले आणि त्या नववीतल्या मुलीच्या बापासमोर बाटलीतलं पाणी ओतून प्यायले. मुलगी परत आली. आता ती नर्सिंग करते आहे. तिची बहीण आता तिथे राहून शिकते आणि मी गेले की मला तांब्या आणून देते. पाणी गोड आहे. मे महिन्यात काटकसर लागते, पण पुरतं.

ब्रदरचं मत बदललं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. मुलींना ते उत्पत्तीची गोष्ट सांगतात. मुलींच्या भूगोलाच्या पुस्तकातले थरही तेच समजावतात, पट्टी लावून. आकडा आला की थोडे थांबतात, असं मला तांब्या आणून देणाऱ्या त्या धाकटीने सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात मार्थाबाई मला दफनभूमीत घेऊन गेल्या. ब्रदर मागून सावकाश येत होते, आता गुडघे दुखतात त्यांचे. एका कोपऱ्यात जांभ्याचा एक चिरा उभा केलेला होता, त्याच विहिरीतून निघालेला. त्यावर एवढंच कोरलं होतं, योएल. मार्थाबाईंनी अबोलीच्या फुलांचा विणलेला वळेसर ठेवला आणि पदराने चिऱ्यावरची धूळ पुसली.

ब्रदर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, समुद्राने दिला ना, तर हा चिरा उपटायला मी स्वतः येणार आहे."

मी म्हटलं, "एकट्याने नका येऊ. मला हाक मारा. मी पहार घेऊन येते."